विकासक्षेत्रात काम करायचंय : आधी परदेशी मास्टर्स की आधी गाव?

कोरडवाहू_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी संगमनेर तालुक्यातल्या पठार भागातली. पुण्यात एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन, बाजरी आणि पाऊस झालाच तर कांदा. वडील दूध संकलन केंद्रावर असतात, आई आशाताई आहे. मला शाश्वत विकासाच्या क्षेत्रात, विशेषतः पाणी आणि शेतीत काम करायचंय. आपल्याकडे आणि जमलं तर आफ्रिकेतल्या दुष्काळी भागातही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात विकास अभ्यासाच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फी, राहणं, व्हिसा, विमान धरून ३८ लाख होतात. होकार कळवायला सहा आठवडे आहेत.

प्रश्न इतकाच असता तर बँकेतच विचारला असता. पण उन्हाळ्यात एका सर्वेक्षणासाठी मी महिनाभर घरोघरी फिरले. टॅबवर १४० प्रश्न, एका घराला पाऊण तास. एका वस्तीवर एक आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पाणी कुठून आणता, किती हंडे, कोण आणतं, किती वेळ लागतो, सगळं न कंटाळता सांगितलं. शेवटी मी अंगठा घेण्यासाठी टॅब पुढे केला तर म्हणाल्या, "मागल्या साली बी एक पोरगी लिव्हून घेऊन गेली. तुझ्यावानीच होती. त्याचं पुढं काय झालं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सर्व्हे कुणी केला हेही मला माहीत नव्हतं. आमच्या सुपरवायझरला विचारलं तर ते म्हणाले, पुढचं घर घे, आज बारा फॉर्म व्हायचेत.

त्या दिवसापासून मनात घोळतंय. मी नेमकी कसली तयारी करतेय? चांगले फॉर्म भरून घेण्याची, की त्या आजींना उत्तर देता येण्याची? ज्यांनी या क्षेत्रात दहा-वीस वर्षं घालवली त्यांनी मोकळेपणाने सांगा. पदवी आधी की गाव आधी? आणि कोणती कौशल्यं खरंच उपयोगी पडतात?

---

हिशेबी

ताई, आधी पैशाचं बोलतो. मी बँकेत कर्ज विभागात आहे.

३८ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता ५१ हजारांच्या वर. शिकत असतानाच्या काळाचं व्याज चढलं तर आणखी जास्त. संस्थेत सुरुवातीला किती मिळतात हे इथले लोक सांगतीलच. माझ्यासमोर बसलेल्या मुलांचे पगार २५ ते ४० हजार होते. म्हणजे हप्ता पगाराहून मोठा. मग ही मुलं विकासक्षेत्र सोडून सल्लागार कंपन्यांत जातात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कर्ज घेतानाच त्यांची पुढची वाट ठरून गेलेली असते. चार एकर कोरडवाहू तारण ठेवून हे करू नकोस, हात जोडून सांगतो.

शिष्यवृत्तीने जाता येत असेल तर जरूर जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतर दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तुझ्यासारखीला ही अट नाही, सोय आहे. कॉमनवेल्थ शेअर्ड शिष्यवृत्ती तर परवडत नाही अशांसाठीच आहे. युरोपात इरॅस्मस मुंडस आहे, त्यात दोन-तीन देशांत मिळून शिकता येतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागू असेल तर समाजकल्याणच्या जाहिरातीवर डोळा ठेवा, अर्जाची मुदत फार थोडी असते.

म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबानेसुद्धा उत्तर "आधी दोन वर्षं काम" असंच येतं.

---

सह्याद्रीपुत्र

हिशेबी यांच्याशी असहमत. संयुक्त राष्ट्रांत कुठल्याही पी-२ पदाची, म्हणजे सुरुवातीच्या अधिकारी पातळीवरच्या पदाची, जाहिरात उघडून बघा, सर्वसाधारणपणे मास्टर्स अधिक दोन वर्षं अनुभव मागतात. आणि पुण्याची पदवी तिथे कोण विचारतो? मी दोन वर्षं मराठवाड्यात काम केलं, अर्जांना साधं उत्तर आलं नाही. युरोपात मास्टर्स केल्यावर त्याच अर्जांना मुलाखती आल्या. दुःख होतं, पण आहे ते असं आहे. मुलीला गावात थांब असं सांगणं सोपं आहे. तिच्याबरोबर शिकलेल्या शहरातल्या मुली पुढे निघून जातील, त्याचं काय?

---

नैरोबीकर

सह्याद्रीपुत्र, तुमचा राग मी समजू शकतो, मीही त्यातून गेलोय. पण पूर्ण चित्र सांगतो, कारण २०२५ साली या क्षेत्राची जमीनच सरकली.

मी मूळचा आटपाडीचा. अकरा वर्षं पूर्व आफ्रिकेत आहे, त्यातली आठ केनियात. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परकीय मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये यूएसएड या त्यांच्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं आणि १ जुलैला ती संस्था संपली. त्याच फेब्रुवारीत ब्रिटननेही २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. दुष्काळाचा आगाऊ अंदाज देणारी फ्यूजनेट ही यंत्रणा १९८५ पासून चालू होती. इथिओपियातल्या त्या भयंकर दुष्काळानंतर ती उभी राहिली होती. तिचं संकेतस्थळ जानेवारीत एका रात्रीत बंद झालं. मी रोज सकाळी चहाबरोबर तिचे नकाशे बघायचो. पान उघडेना तेव्हा आधी वाटलं माझं नेट गेलंय.

माझ्या कचेरीतले निम्म्याहून जास्त लोक दोन महिन्यांत घरी गेले. कोण राहिलं हे सांगतो, कारण धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. अहवाल लिहिणारे, देणगीदारांच्या भाषेत प्रस्ताव बांधणारे आधी गेले, आणि त्यात उत्तमोत्तम विद्यापीठांतले लोक होते. राहिली ती केनियातल्या किटुईची एक जलतज्ज्ञ, जिला तिथल्या प्रत्येक बंधाऱ्याची खोली तोंडपाठ आहे. शिवाय लेखापाल आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) सरकारात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा तिथल्या कांबा समाजातला एक म्हातारा.

आता माझी गोष्ट. मीही युरोपात शिकलो, शिष्यवृत्तीवर. त्याचा पश्चात्ताप नाही. पण ज्या दिवशी मला वाटलं की मी इथे उपयोगी पडू शकतो, तो दिवस वर्गातला नव्हता. माचाकोस, मकुएनी, किटुई हा सगळा कोरड्या नद्यांचा मुलूख. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नदीच्या वाळूत गुडघाभर खड्डा करून बाया वाडग्याने पाणी भरत होत्या. एक वाडगं काढायचं, थांबायचं, पाझरून आलं की दुसरं. माझ्याबरोबरचे लोक फोटो काढायला लागले. मला मात्र माझी आई दिसली. माणगंगेच्या वाळूत आम्ही झिरा काढायचो तो हाच! मी खाली बसलो, खड्ड्याच्या कडेची ओली वाळू हाताने मागे ओढून घेतली, जशी आई ओढायची, म्हणजे ढासळत नाही. त्यातली एक बाई हसली आणि तिने वाडगं माझ्या हातात दिलं. तोपर्यंत मी स्वाहिली जेमतेम शिकलो होतो आणि तिची भाषा कीकांबा. पण त्यानंतर त्या गावात मला कधी "पाहुणा" म्हणून खुर्ची आणून दिली नाही.

तिथे वाळूचे बंधारे बांधतात. नदीच्या तळखडकावर पक्की भिंत घालायची. दोन-चार पावसाळ्यांत मागे वाळू साठते आणि त्या वाळूच्या पोकळ्यांत पाणी राहतं. उन्हाने उडून जात नाही आणि त्यावर डासही होत नाहीत. बांधणारे गट गावाचेच, त्यांना म्वेथ्या म्हणतात. आपली इर्जिक आठवा. या आठ वर्षांत मी तिथे जे काही केलं ते सगळं आटपाडीत आधीच शिकलो होतो, फक्त ते ज्ञान आहे हे मला माहीत नव्हतं. ते कळायला मात्र बाहेर जावं लागलं, हेही खरं.

संयुक्त राष्ट्रांबद्दल : सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, जिनिव्हा-न्यूयॉर्कचा खर्च आपला. युनिसेफ, एफएओ, आयएलओ काही मानधन देतात. जेपीओ, म्हणजे तरुण अधिकाऱ्यांची पदं, बहुतेक देश आपापल्या नागरिकांसाठीच पुरवतात. नेदरलँड्स विकसनशील देशांतल्या उमेदवारांनाही घेतं, ते बघत राहा. पण एवढ्या एका दारावर आयुष्य टांगून ठेवू नका.

---

बापूकाका७२

पोरी, मी शिकलेला नाही फार, पण तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं.

७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायला, मी पाणी वाटायला. दुपारी सुकडी मिळायची, रेशनला मिलो, म्हणजे लाल ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. आम्ही कामावर होतो ती दुष्काळी कामं. त्याच काळात रोजगार हमी आली. तिचा कायदा १९७७ ला विधिमंडळात झाला. ती योजना मांडणारे वि. स. पागे यांचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात असेल नसेल, ठाऊक नाही. त्यासाठी पैसा कुठून आणला? शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही तुमच्या पगारपत्रकात तो कापलेला दिसतो. म्हणजे शहराने खेड्याच्या हाताला काम द्यायचं, हे आपल्या राज्याने कायद्यात लिहिलं. २००५ साली देशाने तेच उचललं आणि मग बाहेरचे लोक त्याचा अभ्यास करायला आले.

सांगायचं असं, की "ग्लोबल" म्हणून जे तू शिकायला जाणार त्यातलं बरंच इथल्या खडीवर जन्मलंय. त्या कामांची हजेरीपत्रकं अजून तहसीलच्या दप्तरात सापडतील. जाऊन बघ. माझ्या आईचा अंगठा असेल त्यावर.

---

अंजू_तुळजापूर

बापूकाका, नमस्कार स्वीकारा.

धागाकर्ती, मी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (टिस) तुळजापूरच्या आवारात शिकले. १९८६ पासून ते तिथे आहे. आसपासच्या गावांतलं क्षेत्रकार्य हा शिक्षणाचाच भाग होता. तुझं एम.ए. होतच आलंय, त्यामुळे दुसरं करायला सांगत नाही. पण कौशल्यांचं विचारलंस म्हणून :

नकाशा. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीतून शिकवणारे व्हिडिओ आहेत. उताऱ्यावरचे गट नंबर, ओढे, विहिरी एका नकाशावर आणता आल्या की तुला कुणी "फक्त सर्व्हेवाली" म्हणणार नाही. कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनात स्वतः प्रश्नावली बांधायला शीक. १४० प्रश्न विचारायला लावणारी व्यक्ती आणि १४ प्रश्नांत काम भागवणारी व्यक्ती यांत फरक काय, ते स्वतः बांधल्याशिवाय कळत नाही. आणि जमाखर्च! ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, नमुना नंबर वाचता येणं. हे कुठल्याच वर्गात नीट शिकवत नाहीत. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या शेजारी बसून चार महिन्यांत शिकले.

शिवारफेरी सकाळी काढू नकोस. सकाळी बायका कामात असतात, मग सोबत फक्त पुरुष येतात आणि तुझ्या नकाशावर फक्त विहिरी आणि मंदिरं उमटतात. आम्ही एकदा संध्याकाळी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. सगळी घरं झाली, टाळ्या झाल्या. तेवढ्यात एका काकूंनी नकाशाच्या पार बाहेर, चपला काढून ठेवल्या होत्या तिथे, सहा खडे ठेवले. म्हणाल्या, आमचं पालं हितं हाय. ती सहा कुटुंबं पंचायतीच्या यादीतच नव्हती. २०३० पर्यंत कुणालाही मागे ठेवणार नाही असं संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांच्या त्या जाहीरनाम्यात लिहिलंय. मला ते वाक्य वाचलं की ते सहा खडे दिसतात.

---

ताळेबंद

मी भूजलात काम करतो. पठार भाग म्हटल्यावर राहवलं नाही.

कोरडवाहू_लेक, परदेशी जा नाहीतर जाऊ नको, एक गणित स्वतःच्या गावावर करून बघ. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० घनमीटर म्हणजे १० हजार लिटर पाणी होतं. गाव एक हजार हेक्टरचं आणि पाऊस ४५० मिलिमीटर धर. झाले ४५ लाख घनमीटर. आता आपला खडक बसाल्ट. वर मुरूम, खाली काळा पाषाण, पाणी धरायला जागा थोडी. पडलेल्यातलं साधारण दहा टक्के जमिनीत मुरलं असं धरतात. उरले साडेचार लाख घनमीटर. हे झालं गावाचं वर्षाचं भूजल : माणसं, जनावरं, रब्बी सगळं यातच.

ऊस हेक्टरी किती पितो? साधारण २० हजार घनमीटर धर. भागाकार कर. हजार हेक्टरच्या गावाचं सगळं मुरलेलं पाणी साडेबावीस हेक्टर उसात संपतं. पिण्यालाही थेंब नाही.

हे मी सभांमध्ये फळ्यावर मांडतो तेव्हा भागाकाराच्या ओळीला सभा गप्प होते, दर वेळी. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर आणि ऊस-केळी बंद केली, पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवलं. ते काही कुणाच्या भाषणाने झालं नाही, या हिशेबाने झालं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या सुमारे पाच हजार गावांसाठी असाच ताळेबंद वापरला गेला, त्याचं गणित आयआयटी मुंबईने बांधून दिलं. तिथलं सितारा केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतंय. अभियंत्यांनी तिथला एम.टेक. नक्की बघावा.

मात्र हिशेब अर्धवट सांगू नये. तुमच्याकडे अस्तरीकरण केलेली शेततळी दिसतात ना? पावसाचं पाणी साठवायला म्हणून दिलेली. बरीचशी विहिरीतून मोटर लावून भरतात. म्हणजे सगळ्यांच्या खालचं पाणी उपसून एकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवायचं आणि वर त्याची वाफ होऊ द्यायची. कागदावर मात्र "जलसाठा वाढला". तू अर्थशास्त्राची आहेस, सामायिक साधनांवर पानंच्या पानं वाचली असशील. एप्रिलमध्ये एखाद्या शेततळ्याच्या काठावर उभी राहा आणि शेजारच्या विहिरीत डोकावून बघ.

पन्नास मीटरचा टेप आणि एक वही घे. दहा विहिरी निवड. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटर चालू व्हायच्या आत पाणीपातळी मोज. एक वर्ष. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

---

सह्याद्रीपुत्र

ताळेबंद, गणित जबरदस्त आहे. पण माझा प्रश्न तसाच आहे. वर्षभर विहिरी मोजून तिच्या बायोडेटात काय येणार?

---

ताळेबंद

"दहा विहिरींची बारा महिन्यांची पाणीपातळी, स्वतः मोजलेली." मी निवड समितीत बसलोय. ही एक ओळ असलेले अर्ज मला आजवर दोन आले. दोघांनाही घेतलं.

---

वैनगंगा

गडचिरोलीहून. सगळ्यांनी पाण्यावर लिहिलं, मी जंगलावर लिहिते, पण मुद्दा त्या आजींचाच आहे.

मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असेल. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागचा अभ्यासगट फार थोड्यांना माहीत असतो. गावातली माणसं आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसतात, विषय समजून घेतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनेच. बाहेरच्याने माहिती द्यायची, ठरवायचं गावाने.

मी इथे आले तेव्हा एम.एस.डब्ल्यू. करून आले होते. प्रबंधासाठी तेंदू आणि बांबूवर माहिती गोळा केली, इंग्रजीत लिहिलं, चांगले गुण मिळाले. दोन वर्षांनी त्याच गावात एका दादांनी विचारलं, आमच्या बांबूचं तू काय लिहिलंस? मी घरी जाऊन प्रबंध उघडला आणि मराठीत चार पानं लिहायला बसले. आठवडा लागला. जिथे जिथे इंग्रजीत सफाईने वाक्य लिहून गेले होते तिथे मराठीत लिहिताना कळायचं की मला हे समजलेलंच नाहीये. चार पानं घेऊन गेले, वाचून दाखवली. दरांचा तक्ता चुकीचा निघाला. ज्याने मला ते आकडे दिले होते त्यानेच सांगितलं, तेव्हा तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून कमी सांगितले.

पुण्याच्या मार्गदर्शकांनी पकडली नव्हती ती चूक ग्रामसभेने पकडली.

अजून एक. पाणलोटाचं काम करायला निघालीस तर चराईबंदीचा विचार आधी कर. कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान ही आदर्शगावची पंचसूत्री आपण लहानपणापासून ऐकतो. पण डोंगर चराईला बंद झाला की शेळ्या कुणाच्या विकल्या जातात? ज्याला जमीन नाही त्याच्या. आणि विहिरीला पाणी कुणाच्या वाढतं? ज्याला जमीन आहे त्याच्या. काही गावांनी यावर चांगले तोडगे काढलेत, डोंगराचा एकेक तुकडा आळीपाळीने बंद ठेवणं, चारा कापून नेऊ देणं. पण ते तोडगे शेळीवाली बाई सभेत बोलली तरच निघतात.

---

नैरोबीकर

वैनगंगा ताई, "मराठीत चार पानं" हे मी छापून भिंतीवर लावणार आहे. आमच्याकडे हे काम कीकांबात कुणी करत नाही. सर्वेक्षणं इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत. फार झालं तर स्वाहिलीत पोस्टर. या वर्षी निदान एका गावापुरतं करून बघतो. त्या जलतज्ज्ञ बाईंशी आजच बोललो, त्यांनी लगेच विचारलं, वाचून कोण दाखवणार? त्यांचं म्हणणं, कागद नको, बाजाराच्या दिवशी बोलून सांगू.

सह्याद्रीपुत्र, तुमच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. शहरातल्या, पैसेवाल्या घरातल्या मुलांना बिनपगारी इंटर्नशिप परवडते आणि तीच पुढे सरकतात. हा अन्याय आहे. खेड्यातल्या मुलीने "गावात थांबावं" असा उपदेश होता कामा नये. तिने जावं, कर्जाशिवाय जावं, आणि जाताना तिच्याकडे असं काहीतरी असावं जे वर्गातल्या कुणाकडेच नसेल.

---

सह्याद्रीपुत्र

हे पटलं. माझा विरोध गावाला नव्हता, दार बंद होण्याला होता. लेक, शिष्यवृत्तीचे निबंध लिहिशील तेव्हा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. माझे चार नाकारलेले आणि एक स्वीकारलेला, पाचही देतो. नाकारलेले जास्त उपयोगी पडतील.

---

कोरडवाहू_लेक (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मधल्या काळात गावी होते.

विद्यापीठाला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का असं विचारलं. ते वर्षभर थांबायला तयार आहेत, पण मी ३८ लाखांचं कर्ज काढणार नाही. वडिलांना हिशेबींचा हप्ता वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, जमिनीचं मी बघितलं असतं गं. मला त्या "असतं"वर रडू आलं. दोन वर्षं काम करून चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलंय. एका पाणलोट संस्थेत २८ हजारांवर रुजू होतेय, तालुक्यातच.

आता आजींबद्दल. आमच्या सर्वेक्षणाची माहिती मागितली तर संबंधित कचेरीने ती देता येत नाही असं कळवलं. मग वैनगंगा ताईंचं ऐकलं. माझ्या डायरीत रोजच्या नोंदी होत्या, नावं नसलेल्या. त्यावरून त्या वस्तीपुरतं एक पान केलं : किती घरं, किती हंडे, एका खेपेला किती वेळ. ते घेऊन गेले. आजी ओट्यावरच होत्या. नऊ-दहा बायका जमल्या. मी वाचलं, "एका खेपेला सरासरी ३५ मिनिटं." एक वहिनी म्हणाल्या, मार्चात बरोबर, मे मध्ये दीड तास धर. मी तर मार्चातच विचारून आले होते! चूक तिथल्या तिथे लिहून घेतली. मग त्यांचं आपसात सुरू झालं की हातपंपाच्या वरच्या अंगाला जुनी बारव आहे, तिच्यातला गाळ काढला तर निदान एप्रिल निघेल. मी गेल्या वेळी तिथे अडीच तास होते आणि बारव आहे हेच मला कळलं नव्हतं. १४० प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता.

बारव बघून आले. पायऱ्या शाबूत आहेत, आत बाभळी उगवल्यात, तळाला ओल आहे. ताळेबंद दादा, तिचा फोटो आणि अंदाजे मापं व्यनिने पाठवलीत. सात परस खोल आहे असं गावात सांगतात, टेपने मोजून खात्री करायचीय. रोजगार हमीतून गाळ काढता येईल का यासाठी ग्रामसेवक भाऊसाहेबांना अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

दहा विहिरीही निवडल्या. पाच बागायतदारांच्या, तीन कोरडवाहूवाल्यांच्या, एक पंचायतीची, आणि दहावी ही बारव. तारीख ठरली आहे दर महिन्याची १५. वही दूध केंद्रावर टांगून ठेवणार, म्हणजे सकाळी दूध घालायला येणारा प्रत्येक जण आपल्या विहिरीचा आकडा बघेल. पहिल्या वाचनाला टेपचं दुसरं टोक धरायला त्या आजींची नात येणार आहे. आठवीत आहे. मोटर किती वाजता चालू होतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तिनेच वेळ दिलीय, पहाटे साडेपाचची.

---

बापूकाका७२

साडेपाचला अंधार असतो. बॅटरी घेऊन जा, आणि बारवेत उतरायच्या आधी काठी आपटा.

---

ताळेबंद

फोटो बघितले. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायरीखाली जिथे गवत हिरवं दिसतंय, तिथे झरा असायची दाट शक्यता आहे. गाळ काढताना तिथे पहार जपून घाला, दगड हलवू देऊ नका. रविवारी मी येतोय. पत्ता व्यनि कर.